नानांच्या किड्याचं कुळ

आमच्या गल्लीत मला 'जंतवाल्या बाई' म्हणतात. प्राणिशास्त्राची प्राध्यापिका असं सांगून पाहिलं, विभागप्रमुख झाल्यावर तेही सांगून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. माझ्या सासूबाई तर पाहुण्यांना एवढंच सांगायच्या की सून 'सायन्सला' आहे, आणि पुढचा प्रश्न यायच्या आत चहा आणायला उठायच्या.

दोष लोकांचा नाही. जळगावसारख्या गावात, जिथून समुद्र गाठायचा तर आधी रात्रभराची गाडी आणि मग एस.टी. गाठावी लागते, तिथे मी आयुष्यभर चपटे कृमी शिकवले. आणि त्यातही माझा आवडता भाग म्हणजे समुद्रातले चपटे कृमी. मी स्वतः एरंडोलची. एम.एस्सी.च्या सहलीला जाईपर्यंत मी समुद्र पाहिला नव्हता. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त पोरांनी तर परीक्षेत त्यावर पानं भरली आणि समुद्र न पाहताच ती पदवीधर झाली.

बाहेरच्या माणसासाठी थोडक्यात सांगते. चपटे कृमी म्हणजे पानासारखे पातळ जीव. त्यांतले काही माणसाच्या आतड्यात राहतात, काही शेळ्यामेंढ्यांच्या काळजात, म्हणजे यकृतात, आणि काही कुणाच्या अंगावर न जगता समुद्रात दगडांखाली मोकळे सरपटतात. पहिल्या दोघांना लोक ओळखतात, कारण ते त्रास देतात. तिसऱ्याशी कुणाचं देणंघेणं नसतं. किडा ओळखून द्या म्हणून आमच्याकडे बाटल्या घेऊन येणारे लोक अर्थातच पहिल्या दोघांचे. लोणच्याच्या बरणीत, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत, काय काय घालून आणायचे. एक गृहस्थ पोटातून जंत पडतात म्हणून इतके खचले होते की त्यांनी बायकोला सगळे व्यवहार समजावून सांगितले होते. बाटलीतले काळे दोरे भिंगाखाली धरले, तर ते केळ्याच्या आतले धागे निघाले. गृहस्थ केळीच्या वखारीत कामाला होते आणि दिवसभर केळीच खायचे. मी हे सांगितल्यावर सुटकेपेक्षा त्यांना रागच जास्त आला.

पण मला सांगायचंय ते नानांच्या किड्याबद्दल.

नाना म्हणजे तेव्हाचे आमचे विभागप्रमुख. धुळ्याकडचे, उंच, शर्टाच्या खिशात कायम दोन ब्रश. ऐंशीच्या दशकात मी त्यांच्या हाताखाली लागले. कॉलेजच्या संग्रहालयातल्या सगळ्या बरण्या विकत आणलेल्या होत्या किंवा कुणीतरी भेट दिलेल्या. नानांच्या नावाची एकही नव्हती. निवृत्ती जवळ आलेली. त्यांची एकच इच्छा होती: आपण शोधलेला, आपण ओळखलेला एक तरी जीव त्या कपाटात असावा, आणि त्यावर कुळापासून जातीपर्यंत सगळं नाव रीतसर लिहिलेलं असावं.

आणि कोकणच्या सहलीत त्यांना तो सापडला. ओहोटीच्या वेळी एका दगडाखाली. तळहाताएवढाही नाही, करड्या रंगाचा, पाण्यावर तेल सरकावं तसा दगडावरून सरकणारा. या जीवांना बोट लावायची सोय नसते, लावलं की तुकडे होतात. नानांनी जेवणातलं केळीचं पान फाडून त्याच्यापुढे धरलं. तो आपण होऊन पानावर चढला. पाण्यात गुडघाभर उभे राहून नाना मोठ्यांदा, त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "शिंगं देखनी का? याले शिंगं शेतस!" त्याला दोन बारीक शिंगं आहेत, हे त्यांनी पाहिलं. मी पाहिलं तेव्हा नव्हती. फॉर्मॅलीनमध्ये गेल्यावर तर शिंगं असली तरी आत ओढली जातात. म्हणजे गोंधळाची सुरुवात तिथेच, समुद्राच्या पाण्यात उभं असतानाच झाली.

नाना त्याचं नाव खान्देशावरून ठेवणार होते. मी म्हटलं, "नाना, तो कोकणातला आहे."

"असू दे. खान्देशच्या माणसाने ओळखला ना? कोकणातल्यांना जरा राग येऊ दे."

पण जातीचं नाव नंतर. आधी कुळ. म्हणजे हा कुठल्या घरातला, ते ठरवायचं. आणि नेमक्या त्याच सुमारास या किड्यांची कुळं लावण्याच्या दोन नव्या पद्धती, दोन जाडजूड ग्रंथांतून, परदेशातून आल्या. दोन्ही विद्वानांच्या. दोघांचं एकमेकांशी जमत नव्हतं. एक पद्धत म्हणायची, डोळे बघा. या किड्याला डोळे म्हणजे मोहरीहूनही बारीक काळे ठिपके असतात, डझनावारी. ते फक्त मेंदूजवळ आहेत की अंगाच्या कडेने ओळीत आहेत, त्यावर कुळ. दुसरी पद्धत म्हणायची, डोळ्यांचं सोडा, आत बघा. नराच्या इंद्रियाजवळ एक ग्रंथीची पिशवी असते. ती पिशवी वीर्यनळीतच मध्ये फुगलेली आहे, की नळीच्या बाजूला वेगळी लटकलेली आहे, त्यावर कुळ. हे किडे एकाच अंगात नर आणि मादी दोन्ही असतात, हे वर्गात सांगितलं की मागचा बाक पाच मिनिटं तरी शुद्धीवर नसायचा.

नानांच्या किड्याच्या पुढच्या कडेला काही ठिपके होते. ते डोळे असले तर तो स्टायलोकिडी कुळातला. नुसतेच डाग असले तर लेप्टोप्लॅनिडीकडचा. नाना सकाळी म्हणायचे डोळे, संध्याकाळी म्हणायचे डाग. मी उलट. एकदा तर आम्ही दोघांनी आपापली मतं बदलली आणि तरी भांडण तसंच राहिलं. शेवटी एकच उपाय उरला: कापणे.

आता आमचा धंदा इथे समजून घ्यायला हवा. किडा कापायचा म्हणजे सुरीने नव्हे. त्याच्यातलं पाणी काढून मेण भरायचं, मेणाची वडी करायची, आणि ती मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर चढवून केसाहूनही पातळ चकत्या काढायच्या. चकत्या एकमेकींना चिकटून फीत निघते. त्या फिती काळ्या कागदावर ओळीने मांडायच्या. क्रम मोडता कामा नये, कारण एका चकतीत काहीच कळत नाही. पिशवी नळीला कुठे जोडली आहे ते एकीमागून एक चकत्या पाहिल्यावरच कळतं. विभागात माझा हात यात चांगला होता. हे मी नम्रपणा सोडून सांगते.

नानांना कापवत नव्हतं. एकुलता एक नमुना. पुढच्या सहलीत त्याच किनाऱ्यावर त्यांनी दोन दिवस दगड उलटे केले. असा दुसरा मिळाला नाही. कापला तर किडा गेला, न कापला तर नाव गेलं. महिनाभर ते कपाटापाशी उभे राहायचे आणि परत जायचे. मीच शेवटी म्हटलं, पुढचा भाग, डोळ्यांसकट, बरणीत राहू दे; इंद्रियं मागच्या भागात असतात, तेवढाच कापू. नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "काप. पण मी समोर बसणार."

परीक्षा आटोपल्या होत्या, विभाग रिकामा होता, म्हणून आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या आठवड्याचा मुहूर्त लागला. जळगावचा उन्हाळा ज्यांना माहीत नाही त्यांना काय सांगावं? मेणाची वडी टेबलावर ठेवली तर दुपारपर्यंत तिचा आकार बदलतो. आम्ही पहाटे कामाला बसलो. नाना सायकलच्या कॅरियरला पोतं बांधून बर्फाची लादी घेऊन आले होते. दर थोड्या वेळाने वडीवर बर्फ फिरवायचा, मग यंत्राचं चाक फिरवायचं. आणि सगळ्यात मोठा नियम: खिडक्या बंद, पंखा बंद. मोठ्याने शिंकायचं नाही, हसायचं नाही. ती फीत फुंकरीनेसुद्धा उडते.

नऊच्या सुमारास आम्ही घामाने भिजलो होतो, पण नळीचा भाग यंत्राखाली येऊन गेला होता. नेमक्या त्या चकत्या सलग, न सुरकुतता निघाल्या. काळ्या कागदावर फितींच्या ओळी. नाना भिंग घेऊन वाकले होते. त्यांच्या तोंडून नुसतं "हां... हां..." निघत होतं. मला त्यांचा चेहरा दिसत होता. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

तेव्हाच दार उघडलं. धोतर, पांढरी टोपी, हातात कापडात गुंडाळलेली बाटली. एरंडोलपुढच्या, पद्मालयाच्या बाजूच्या एका खेड्यातले आबा. पहिल्या एस.टी.ने आले होते. त्यांच्या शेळ्या एकामागून एक मरत होत्या आणि जनावरांच्या दवाखान्यात कुणीतरी सांगितलं होतं की कॉलेजात 'किडावाला नाना' आहे, त्याला दाखव.

आबांनी आम्हा दोघांकडे पाहिलं. बंद खोली, घामाच्या धारा, डोक्यावर बंद पंखा. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरची कणव आली.

"काय नाना, इतलं उकडी ऱ्हायनं नि तुमी पंखा बंद करीसन बठेल शेतस! जीव जाई ना!"

आणि दाराजवळचं बटण त्यांनी दाबलं.

मी ओरडले का, ते मला आठवत नाही. पंख्याने एक फेरी घेतली, दुसरी घेतली, आणि काळा कागद रिकामा झाला. फिती उडाल्या, तुटल्या. काही बर्फाच्या पाण्यात पडल्या, काही पुस्तकांवर, काही जमिनीवर. मी धावत जाऊन बटण बंद केलं तोवर खोलीभर मेणाचे पापुद्रे तरंगत होते. आबा समाधानाने म्हणाले, "हाई बरं. आते कसा वारा लागना!" पंखा पुन्हा बंद का केला, असा प्रश्न त्यांच्या डोळ्यांत होता, पण पाहुण्याने फार विचारू नये म्हणून ते गप्प राहिले असावेत.

मी तोंड उघडलं. माझा स्वभाव शांत नाही, हे विभागातल्या प्रत्येक शिपायाला माहीत आहे. "आबा, तुम्ही हे—" एवढं म्हटलं आणि नानांनी हात वर केला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते हळूच उठले, खिशातला ब्रश काढला आणि आबांजवळ गेले.

"आबा, जरासं हालू नका."

आबांच्या टोपीवर फितीचा एक तुकडा बसला होता. नानांनी तो ब्रशने अलगद उचलला आणि कागदावर ठेवला. आबांना वाटलं, कचरा होता. त्यांनी टोपी काढून झटकायला सुरुवात केली तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

मग नाना खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. "बरं व्हयनं आबा, भलतं उकडी ऱ्हायनं व्हतं. दखाडा, काय आनेल शे?"

"बकरीना कायीजमा निंघनं हाई. पानना मायक दखास. बठ्ठ्या बकऱ्या जाई ऱ्हायन्यात, नाना. घरमा पोरंसोरं दूधवर शेतस. काय शे हाई?"

बाटलीत काळजातले चपटे किडे होते. नानांच्या किड्याचे लांबचे भाऊबंद म्हणा. यांचं कुळ, जात, सगळं ठरलेलं, पाठ असलेलं. नानांनी बाटली उजेडात धरताच सांगितलं. मग त्यांनी तासभर आबांना समजावलं: नाल्याकाठी ओल्या गवतावर शेळ्या चारता का, तिथे गोगलगायी आहेत का, हा किडा आधी गोगलगायीत वाढतो, मग गवताला चिकटतो, मग शेळीच्या पोटात जातो. शेळ्या तिकडे नेऊ नका, दवाखान्यातून अमुक औषध घ्या. त्या तासात मी जमिनीवर रांगत ओल्या ब्रशने चकत्या गोळा करत होते, आणि मधूनमधून नानांच्या पाठीकडे बघत होते. ती पाठ अगदी ताठ होती.

आबा गेल्यावर मी म्हटलं, "नाना, तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?"

"काय सांगू? तू मला वारा घातलास म्हणून माझं वाटोळं झालं, असं सांगू?" एवढं बोलून ते खुर्चीवर बसले, आणि दोन्ही हातांनी त्यांनी तोंड झाकून घेतलं.

जे सापडलं ते आम्ही काचेवर चिकटवलं, रंगवलं. टोपीवरचा तुकडा वेगळ्या काचेवर. नानांनी त्यावर काच कोरायच्या हिऱ्याच्या लेखणीने 'टोपी' असं कोरलं. मग सुरू झाला तो खेळ. काचा टेबलावर मांडायच्या, क्रम लावायचा. एका क्रमाने लावलं की पिशवी नळीतच फुगलेली दिसायची. दोन काचांची अदलाबदल केली की तीच पिशवी बाजूला लटकायची. एक कुळ, दुसरं कुळ. 'टोपी' कुठे बसते यावर सगळं अवलंबून होतं आणि ती दोन्हीकडे बसायची! वर्षभर नाना रोज संध्याकाळी त्या काचा मांडत होते. मी कधी एकीकडून बोलले, कधी दुसरीकडून. आज विचाराल तर आजही मला सांगता येणार नाही.

त्यांच्या निवृत्तीआधी प्राचार्यांना कॉलेजच्या स्मरणिकेत काहीतरी छापायचं होतं. ते विभागात येऊन म्हणाले, "नाना, एक क्रम लावा आणि मोकळे व्हा. नवीन कुळ म्हणा, नवीन जात म्हणा. समुद्रात जाऊन कोण तपासणार आहे?"

नाना म्हणाले, "साहेब, त्यातला एक जरी क्रम मला खोटा वाटला असता ना, तर दुसरा लगेच छापायला दिला असता. दोन्ही खरेच वाटतात हो."

नाना निवृत्त झाले. काचांची पेटी ते घरी घेऊन गेले. कपाटात बरणी राहिली: पुढचा अर्धा किडा, खाली ठिकाण आणि नानांचं नाव, आणि 'कुळ' या शब्दापुढे कोरी जागा. निरोपसमारंभात सगळे चांगलं बोलले. त्या बरणीबद्दल कुणीच बोललं नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं.

आबांच्या उरलेल्या शेळ्या मात्र वाचल्या. पुढच्या आखाजीला ते आंब्यांची पिशवी घेऊन हजर झाले. त्यानंतर दर वर्षी. नाना निवृत्त झाल्यावर ते जळगावातच मेहरूणला, नानांच्या घरी जायचे. मीही त्या दिवशी तिथे असायची. आबांचा शिरस्ता ठरलेला: आत यायचं, आंबे ठेवायचे, "किती उकडी ऱ्हायनं" म्हणत भिंतीवरचं बटण दाबायचं, आणि मग बसायचं. कुणाला विचारायचं नाही. वारा घालणं हे जणू त्यांचंच काम होतं. आबांच्या चपला दारात वाजल्या की नाना काचांच्या पेटीचं झाकण लावायचे. काचा उडत नाहीत, हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं. तरी लावायचे. नाना कुठल्यातरी किड्याचं नाव शोधताहेत, एवढंच आबांना ठाऊक होतं; ते विचारायचे, "किडानं नाव सापडनं का?" आणि नाना म्हणायचे, "पाही ऱ्हायनू."

नव्वदच्या दशकात नाना गेले. पेटी त्यांच्या मुलाने माझ्याकडे आणून दिली. त्यानंतरच्या आखाजीला मी एकटीच विभागात बसले होते, समोर काचा मांडून. सवयच लागली होती. पुस्तकांमध्ये तोवर आणखी वाद झाले होते. नानांनी ज्या दोन कुळांत डोकं घातलं, त्यांच्याच भिंती इकडेतिकडे सरकवल्या जात होत्या. आता तर किड्याला दोनाऐवजी तीन घरं दिसत होती.

दारात आबा. काठी आली होती, पिशवी लहान झाली होती. त्यांनी आंबे टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवले आणि काचांकडे बराच वेळ पाहिलं.

"नानासना किडानं नाव सापडनं का, अक्का?"

"नाही आबा."

"इतला हुशार माणूस. नि नाव कसं काय नही सापडनं?"

मला सांगता आलं असतं. नाना नव्हते, हात वर करणारं कुणी नव्हतं. पण सांगून काय होणार होतं, आणि न सांगून मी कुणाला फसवत होते, हे काही केल्या ठरेना. मी म्हटलं, "फार अवघड किडा होता."

आबांनी मान हलवली. उन्हातून आले होते, गळ्याशी घाम होता. काठी टेकत ते भिंतीपाशी गेले, बटणावर बोट ठेवलं, आणि थांबले. ते माझ्याकडे बघत नव्हते. टेबलावरच्या काचांकडे बघत होते.

"लाऊ का, अक्का?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पण मला त्यातून काहीच कळलं नाही. मग मी एकेक काच उचलली, पेटीत ठेवली, सगळ्यात शेवटी 'टोपी' ठेवली, आणि झाकण लावलं.

"लावा, आबा," मी म्हटलं. "भलतं उकडी ऱ्हायनं."